एनआयसीयूतला क्लेबसिएला दारातून येत नाही

एका बारा खाटांच्या एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) इन्चार्ज सिस्टरांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चपला बाहेर काढायला लावतो, आत येणाऱ्या प्रत्येकाला गाऊन देतो, दर आठवड्याला फॉर्मलिनचं फ्युमिगेशन (वाफेची धुरी) होतं, फरशी दिवसातून तीनदा पुसली जाते. नातेवाइकांना प्रवेश नाही. आईसुद्धा दुपारी अर्धा तास काचेतून बघते. तरीही महिना-दीड महिन्यानं दोन-तीन बाळांच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) क्लेबसिएला हा जंतू येतोच, बहुतेकदा पाचव्या ते बाराव्या दिवशी. अजून काय स्वच्छ करायचं राहिलंय?

सिस्टर, फरशी आहे तेवढी पुरे.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात बोलकी वाटली ती तारीख. पहिल्या ७२ तासांत होणारा सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) बहुतेकदा आईकडून, प्रसूतीच्या वाटेवर मिळालेला मानतात. (गर्दीच्या आणि साधनं अपुरी असलेल्या ठिकाणी हा हिशोब ढिला पडतो. लेबर रूममधली श्वास देण्याची अँबू बॅग, सक्शनची नळी आणि घाईतले हात पहिल्याच दिवशी जंतू देऊन जातात.) पण पाचव्या ते बाराव्या दिवशीचा, पुन्हापुन्हा येणारा एकच जंतू हा वॉर्डातला असतो. म्हणजे तो आपण दिलेला असतो. आपण म्हणजे तुम्ही, मी, राउंडला येणारे, एक्स-रे काढायला येणारे, सगळेच.

क्लेबसिएला हवेत तरंगत येत नाही आणि चपलेला चिकटून इन्क्युबेटरमध्ये चढत नाही. तो एखाद्या बाळाच्या आतड्यात आणि म्हणून लंगोटात असतो, सिंकच्या जाळीखाली असतो, उघड्या राहिलेल्या द्रवात वाढतो. तिथून बाळापर्यंतचा शेवटचा वीतभर प्रवास तो दोनच वाटांनी करतो: आपली बोटं आणि आपण घातलेल्या नळ्या. तुमचा सगळा बंदोबस्त दारावर आहे, आणि या दोन्ही वाटा दाराच्या आतल्या आहेत.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे बचावाचं सामान मुळात थोडं. वारेतून मिळणारी आईची आयजीजी प्रतिपिंडं मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत येतात, आणि त्यातही ३२ आठवड्यांनंतर भराभर. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ती शिदोरी न घेताच येतं. त्वचेचा वरचा थर इतका नाजूक की चिकटपट्टी ओढली तर थरही तिच्यासोबत सुटतो. तो पक्का व्हायला दोनेक आठवडे लागतात, फारच लहान बाळात त्याहून जास्त. आणि अशा अंगात आपण बेंबीतून लाइन (रक्तवाहिनीत जाणारी बारीक नळी), नाकातून फीडची नळी, घशात ट्यूब घालतो. त्यामुळे मोठ्या माणसाच्या वॉर्डात खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

नवीन युनिटमध्ये गेलो की मी आधी एकच काम करतो. एका इन्क्युबेटरशेजारी स्टूल घेऊन वीस मिनिटं बसतो आणि वहीत फक्त स्पर्श लिहितो. कुणाला काही बोलत नाही. एका ठिकाणची नोंद अजून आठवते. सिस्टर आल्या, हात नीट धुतले, कागदानं पुसले. बघून समाधान वाटावं असं. मग त्याच हातानं इन्क्युबेटरची खिडकी उघडली, मॉनिटरचा अलार्म बंद केला, खिशातून पेन काढलं, चार्ट ओढून सॅच्युरेशन लिहिलं, नाकावरून घसरलेला चष्मा वर सरकवला, सिरिंज पंपाचं बटण दाबलं, आणि लाइनचं टोपण उघडून औषध दिलं. धुतलेला हात टोपणापर्यंत पोचेतो सहा ठिकाणी जाऊन आला होता. त्यांना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, हात धुवूनच औषध दिलं. आणि ते खोटंही नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या मार्गदर्शनात सांगितलेले हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण तुमच्या भिंतीवरही असतील: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी-शी यांच्याशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यावर. माझ्या वहीत नेहमी चुकलेले सापडतात ते दुसरा आणि पाचवा. हात धुणं आपण 'कामाची सुरुवात' समजतो, देवघरात शिरताना पाय धुवावेत तसं. खरं तर ते टोपण उघडण्याच्या अगदी आदल्या क्षणी हवं. यावर सगळ्यात स्वस्त उपाय कामाचा क्रम बदलणं हा आहे. चार्ट, पंप, अलार्म हे सगळं आधी उरकायचं, औषध भरून ट्रेमध्ये ठेवायचं, मग खिडकीची खिट्टी कोपरानं उघडायची, मग हँडरब (हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण), मग थेट लाइन. हँडरबनंतर बाळ आणि लाइन सोडून कशालाही हात लागला, तर पुन्हा हँडरब.

हे जमायचं असेल तर हँडरबची बाटली प्रत्येक खाटेला, हात लांब केला की मिळेल अशी हवी. सिंक चार पावलांवर असेल तर दिवसाला शंभर वेळा कुणीही जाणार नाही, तुम्ही कितीही ओरडा. हँडरब तळहात भरून घ्यायचा, २० ते ३० सेकंद चोळायचा आणि हात आपोआप सुकू द्यायचे. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात, आणि हात दिसायलाच मळलेले असतील तर साबण-पाण्यालाच पर्याय नाही. चमकणारं जेल लावून अतिनील दिव्याखाली हात बघण्याचा खेळ एकदा सगळ्यांना करायला लावा, डॉक्टरांनाही. अंगठे आणि बोटांची टोकं कोरी राहिलेली दिसतील, म्हणजे आपण बाळाला लावतो नेमका तोच भाग. अतिदक्षता विभागांतल्या निरीक्षणांचे जे आढावे झालेत, त्यांत विशेष प्रयत्न न करता हात स्वच्छ करण्याचं प्रमाण गरजेच्या ४० टक्क्यांच्या आसपास निघालंय. त्यामुळे तुमच्याकडे ९५ टक्के नोंदलं जात असेल तर मी आधी नोंद घेणाऱ्याला तपासीन.

नखांबद्दल मी हट्टी आहे. १९९७-९८ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा इथल्या एका एनआयसीयूत स्युडोमोनासची लांबलेली साथ आली. ४६ बाळांना तो जंतू मिळाला, त्यांतली १६ दगावली. तपासात लांब नखं असलेल्या आणि कृत्रिम नखं लावलेल्या नर्सच्या हातांशी त्याचा संबंध दिसला. अंगठी, घड्याळ, बांगड्या, दोरे यांनाही तोच न्याय: कोपराखाली काही नको. हा नियम पहिल्यांदा मोठ्या डॉक्टरांनी पाळायचा, नाहीतर तो कुणीच पाळत नाही.

हातमोजे घातले की हात स्वच्छ झाले, हा एक गोड गैरसमज. मोज्यावर जंतू हाताइतकेच बसतात आणि मोजे घातलेला माणूस अधिक निर्धास्तपणे सगळीकडे हात लावतो. मोजे घालण्याआधीही हँडरब, काढल्यावरही हँडरब.

आता तुमच्या गाऊन आणि फ्युमिगेशनबद्दल. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी गाऊन घातल्यानं बाळांचे संसर्ग किंवा मृत्यू कमी होतात, असा पुरावा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्याला सापडला नाही. लाइन घालताना निर्जंतुक गाऊन हवाच, आणि साथ चालू असताना त्या-त्या बाळापुरता वेगळा गाऊनही हवा. पण दारावरच्या खुंटीला टांगलेला, दिवसभरात नऊ जणांनी घातलेला तो हिरवा गाऊन कशासाठी आहे हे मला कधी कळलेलं नाही. फॉर्मलिनचं तर सरळ बंद करा. त्याची वाफ माणसात कर्करोग घडवते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये वर्गीकरणात नोंदवलंय. शिवाय ज्या बटणावर, ज्या सिंकच्या जाळीखाली जंतू आहे तिथला थर वाफेनं निघत नाही. तो पुसून, घासूनच निघतो. फ्युमिगेशनला जाणारे तास मॉनिटरची बटणं, पंप, इन्क्युबेटरच्या खिट्ट्या, वॉर्मरच्या कडा, फोन आणि संगणकाचा कीबोर्ड पुसण्यात घाला. स्टेथोस्कोप, थर्मामीटर आणि मोजपट्टी प्रत्येक बाळाची स्वतंत्र असू द्या.

ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लिहायला बसलो ती आता सांगतो. तुमच्याकडे हेच असेल असं नाही, पण मी असतो तर उद्या सकाळी आधी हेच बघितलं असतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका युनिटमध्ये अगदी तुमच्यासारखीच तक्रार होती. पंधरा दिवसांत चार बाळं, चौघांत क्लेबसिएला, चौघांचा अँटिबायोग्रॅम (कुठलं अँटिबायोटिक जंतूला लागू पडतं त्याचा तक्ता) अक्षराअक्षरानं एकच. फरशी, भिंती, एसीच्या जाळ्या, सगळीकडचे स्वॅब पाठवून झाले होते, काही निघालं नव्हतं. मी नेहमीप्रमाणे स्टूल घेऊन बसलो, पण या वेळी खाटेपाशी न बसता औषधं भरायच्या टेबलापाशी. तिथे अर्धा लिटरच्या नॉर्मल सलाईनची एक बाटली होती. तिच्या बुचात एक सुई कायमची खुपसलेली, वर कापसाचा बोळा. सगळ्या बाळांच्या लाइन फ्लश करायला आणि अँटिबायोटिक विरघळवायला दोन-दोन मिली त्यातूनच निघत होतं. बाटली संपली की बदलायची. म्हणजे कधी, असं विचारल्यावर एक सिस्टर म्हणाल्या, "सर, संपते की दोन-तीन दिवसांत." शेजारी डेक्स्ट्रोजचीही तशीच एक होती. टेबलापासून हातभर अंतरावर सिंक, आणि नळ सोडला की शिंतोडे टेबलाच्या कडेपर्यंत.

बाटलीतला द्रव कल्चरला पाठवला. वाढलेल्या जंतूचा अँटिबायोग्रॅम बाळांच्याशी जुळला. कुणी बेजबाबदार नव्हतं. दहा मिलीच्या अँप्युल मधूनच संपत होत्या, आणि कुणीतरी काटकसरीनं काढलेली ती वाट दोन वर्षांत पद्धत होऊन बसली होती. क्लेबसिएला आणि त्याचे भाऊबंद एन्टेरोबॅक्टर, सेराशिया यांना डेक्स्ट्रोजच्या पाण्यात खोलीच्या तापमानाला छान वाढता येतं. १९७०-७१ मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या द्रवांमुळे देशभर अशीच साथ आली होती आणि उगम निघाला बाटल्यांच्या बुचांत. द्रव गढूळ दिसेपर्यंत वाट बघू नका. गढूळ दिसण्याच्या बऱ्याच आधी तो घातक झालेला असतो.

तेव्हा एक अँप्युल, एक बाळ, एक वेळ, उरलेलं फेकायचं. वाया जातंय असं वाटेल, वाटू द्या. हेपारिन, पोटॅशियम, मल्टिडोस व्हायल, सगळ्यांना हाच नियम; अगदीच नाइलाज असेल तर व्हायल एका बाळापुरती, तारीख-वेळ घालून. औषधं भरायचं टेबल सिंकपासून लांब हलवा, आणि ते शक्य नसेल तर मध्ये उभा आडोसा घाला. सोनोग्राफीचं जेल मोठ्या बाटलीतून लहान बाटलीत भरायची सवय असेल तर तीही मोडा. लिक्विड साबणाची अर्धी रिकामी बाटली वरून भरणं हीसुद्धा त्याच जातीची चूक.

सिंकचंही इथेच सांगून टाकतो. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ च्या अखेरीस आणि २०१२ च्या सुरुवातीला नवजात विभागांत स्युडोमोनासनं चार बाळं गेली, आणि तो जंतू नळांच्या आत सापडला. पाण्याची धार सरळ ठेवणारी जाळी, नळातले गुंतागुंतीचे भाग यांवर थर धरतो. म्हणून सिंक फक्त हात धुण्यासाठी. त्यात उरलेलं दूध, डेक्स्ट्रोज, सक्शनचं पाणी काहीही ओतायचं नाही, कारण ते जाळीखालच्या जंतूंना जेवण वाढण्यासारखं आहे. गोठवलेलं दूध नळाच्या पाण्यात धरून वितळवायचं नाही. इन्क्युबेटरच्या ओलाव्याच्या टाकीत आणि व्हेंटिलेटरच्या ह्युमिडिफायरमध्ये निर्जंतुक पाणीच, आणि टाकी रोज रिकामी करून नव्यानं भरायची; वरून भर घालायची नाही.

लाइनबद्दल. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या १०३ अतिदक्षता विभागांचा अभ्यास आला. ते मोठ्यांचे विभाग होते, पण धडा आपल्याही कामाचा आहे. हात धुणं, लाइन घालताना पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिननं त्वचा स्वच्छ करणं, जांघेतली जागा टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. एवढ्या पाच गोष्टी यादीप्रमाणे केल्यावर लाइनच्या संसर्गाचा मध्यक दर १००० लाइन-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला. यादीत नवीन काहीच नव्हतं. नवीन होतं ते हे की यादीतली पायरी गाळली गेली तर नर्सनं डॉक्टरला तिथल्या तिथे थांबवायचं, आणि ते थांबवणं वरिष्ठांनी उचलून धरायचं. तुमच्याकडे एखादी नवी सिस्टर कन्सल्टंटला "सर, टोपी राहिली" असं म्हणू शकते का? नसेल तर यादी लॅमिनेट करून भिंतीवर लावण्याचा खर्च वाचवा.

रोजच्या राउंडला प्रत्येक लाइनपाशी एक प्रश्न मोठ्यानं विचारायचा: ही आज कशाला? 'असू दे, लागली तर' हे उत्तर चालणार नाही. फीड किलोमागे दिवसाला १०० ते १२० मिलीपर्यंत गेलं की बहुतेक बाळांना लाइनची गरज उरत नाही. बेंबीतल्या धमनीची लाइन पाच दिवसांपलीकडे आणि शिरेची सात दिवसांपलीकडे ठेवायची वेळ आली तर दुसरी सोय आधीच योजून ठेवा. टोपण उघडण्याआधी हब (लाइनचं तोंड) अल्कोहोलच्या स्वॅबनं १५ सेकंद घासायचा, संत्र्याचा रस काढतो तसा पिळून-फिरवून, आणि सुकू द्यायचा. ओल्या हबात सुई घातली तर घासल्याचा उपयोग नाही. लिपिडची (शिरेतून द्यायच्या चरबीच्या द्रवाची) नळी २४ तासांत बदला. साध्या द्रवांचे सेट मात्र रोज बदलू नका, ९६ तास चालतात. दरवेळी जोड उघडणं म्हणजे जंतूला एक संधी देणं. ड्रेसिंगही सुटलं किंवा भिजलं तरच बदला, वारानुसार नको. आणि एक किलोखालच्या बाळावर अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन जपून वापरा. ते पाठीखाली ओघळून साचलं तर त्वचा भाजते. मी अशी पाठ पाहिलेली आहे. थोडंच घ्या, साचू देऊ नका, काम झालं की निर्जंतुक सलाईननं पुसून घ्या.

व्हेंटिलेटरवर फार लिहीत नाही: लवकरात लवकर सीपॅपवर (नाकातून दाबानं हवा देण्यावर) आणा, डोकं थोडं उंच ठेवा, सर्किटमध्ये साचलेलं पाणी बाळाकडे ओघळू देऊ नका.

आता आईकडे येतो, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त ती काच टोचली.

आईला बाहेर ठेवून आपण जंतू बाहेर ठेवतो, ही समजूत बऱ्याच युनिटमध्ये पक्की बसलेली आहे. घडतं नेमकं उलटं. बाळाच्या त्वचेवर आणि आतड्यात कुणीतरी जंतू वस्तीला येणारच. जागा रिकामी राहत नाही. आई जवळ असेल तर आईचे साधे, औषधांना दाद देणारे जंतू येतात, आणि तिच्याच दुधात त्यांच्यावर लक्ष ठेवणारी आयजीए प्रतिपिंडंही येतात. आई काचेपलीकडे असेल तर त्या जागेवर वॉर्डातले जंतू बसतात, म्हणजे तुमचा क्लेबसिएला. कांगारू मदर केअरची सुरुवातच मुळी १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटामध्ये झाली ती गर्दी आणि संसर्ग यांनी हैराण झालेल्या रुग्णालयात, डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या छातीशी द्यायला सुरुवात केली. २०२१ मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईच्या त्वचेला लावलं, आईसाठी एनआयसीयूतच खाट दिली. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले, आणि सेप्सिसही कमी झाला. एवढं देणारं एकही इंजेक्शन माझ्या कपाटात नाही. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तीच आहे.

आईला हात धुवायला शिकवायला दहा मिनिटं लागतात आणि माझ्या अनुभवात ती आपल्यापेक्षा काटेकोर निघते, कारण तिला एकच बाळ सांभाळायचं असतं. ताप, जुलाब, सर्दी-खोकला, अंगावर पू असलेली जखम एवढं विचारून घ्या. एवढंच.

दुधाचं: चीक थेंबभर निघाला तरी तोच पहिला द्या. जन्मल्यापासून शक्यतो पहिल्या काही तासांत आईला दूध पिळायला बसवा आणि दिवसातून आठ वेळा तरी पिळायला सांगा. पंप वापरत असाल तर त्याचे सुटे भाग प्रत्येक वेळी वेगळ्या भांड्यात धुवा, सिंकमध्ये ठेवून नव्हे. पावडरचं दूध निर्जंतुक नसतं, हे डब्यावर कितीही सुंदर चित्र असलं तरी. त्यातून क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू मेंदूपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. द्यावंच लागलं तर ७० अंशांपेक्षा कमी गरम नसलेल्या पाण्यात, दर वेळी ताजं बनवून, थंड करून.

अँटिबायोटिक हा माझ्या बाजूचा, म्हणजे डॉक्टरांचा गुन्हा. नेदरलँड्समधल्या दोन सारख्या एनआयसीयूंची एक फार सुंदर तुलना २००० साली प्रसिद्ध झाली. एकीकडे पेनिसिलिन आणि टोब्रामायसिन, दुसरीकडे अमॉक्सिसिलिन आणि सेफोटॅक्सिम. सहा महिन्यांनी अदलाबदल. सेफोटॅक्सिमच्या बाजूला त्या औषधांना न जुमानणारे जंतू बाळांवर बसण्याचा धोका १८ पट निघाला, आणि औषध बदललं तशी ही पिडाही इकडून तिकडे गेली. कल्चरमध्ये काही आलं नाही आणि बाळ बरं दिसतंय तर ३६ ते ४८ तासांत औषध थांबलं पाहिजे. 'सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) थोडा वाढलाय, पाच दिवस पुरे करू' हे वाक्य मीही अनेकदा बोललोय. निर्जंतुक कल्चर असताना पहिल्या दिवसांत पाच दिवस किंवा जास्त अँटिबायोटिक मिळालेल्या अतिशय लहान बाळांत आतड्याचा दाह आणि मृत्यू जास्त दिसलेत. कल्चरवर विश्वास बसायचा तर रक्तही पुरेसं हवं, निदान एक मिली, आणि औषधाच्या पहिल्या डोसाआधी. आम्लता कमी करणारी रॅनिटिडिनसारखी औषधं सवयीनं लिहिली जात असतील तर ती कापा. पोटातलं आम्ल हाही एक पहारेकरी आहे.

प्रोबायोटिकबद्दल, म्हणजे तोंडावाटे द्यायच्या उपयोगी जंतूंबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो. ओडिशातल्या ज्या अभ्यासानं (२०१७) सगळ्यांचे डोळे दिपले तो खेड्यांतल्या, दोन किलोवरच्या, धडधाकट बाळांवरचा होता, एनआयसीयूतल्या नाही. एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्रोबायोटिकमधल्याच जंतूनं सेप्सिस होऊन ते दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये इशारा दिला. गाईच्या दुधातल्या लॅक्टोफेरिन या प्रथिनाचा ब्रिटनमध्ये २२०० बाळांवर अभ्यास झाला (२०१९), संसर्ग कमी झाला नाही. पुडीत बांधून मिळणाऱ्या उपायांच्या मागे लागण्याआधी सलाईनची बाटली बघा.

आणि माणसं. १९८२ सालच्या एका जुन्या अमेरिकी अभ्यासात, एका नर्समागे सातपेक्षा जास्त बाळं झाल्यावर स्टॅफिलोकॉकसच्या संसर्गाचे पुंजके १६ पट वाढले होते. रात्रपाळीला बारा बाळांना दोन सिस्टर असतील तर वर लिहिलेलं निम्मंही होणार नाही, आणि तो दोष त्या दोघींचा नाही. व्यवस्थापनाशी बोलताना भावनेनं बोलू नका, आकडे घेऊन जा. महिन्यातले लाइन-दिवस मोजा: रोज सकाळी किती बाळांना लाइन आहे तेवढं वहीत लिहायचं, महिनाअखेर बेरीज. अडीचशे लाइन-दिवसांत दोन संसर्ग म्हणजे हजारी आठ. त्याच कागदावर त्या-त्या पाळीतल्या सिस्टरांची संख्या लिहा. तीन महिन्यांत चित्र स्वतःच बोलायला लागतं, आणि ते चित्र बघून एक जागा मंजूर झाल्याचं मी एकदा पाहिलंय. दोनदा नाही.

तुमच्या चालू साथीसाठी: एकाच अँटिबायोग्रॅमचा जंतू दोन आठवड्यांत दोन बाळांत आला की ती साथ समजा, तिसऱ्याची वाट बघू नका. ती बाळं एका बाजूला, त्यांना पाळीत शक्यतो वेगळी सिस्टर. बाकीच्यांचे गुदद्वाराचे स्वॅब पाठवा, म्हणजे जंतू वागवत असलेलं पण अजून आजारी न पडलेलं बाळ कळेल. भिंतींचे स्वॅब नकोत. उघडे द्रव, सिंकची जाळी, सक्शनच्या बाटल्या, दूध तयार करायची जागा एवढंच. आणि एका कागदावर उभ्या रेषेत तारखा, आडव्या रेषेत खाटा, अशी मांडणी करून प्रत्येक बाधित बाळ कुठे होतं, लाइन कधी घातली, कुठली औषधं एकाच ट्रेमधून मिळाली ते भरा. तो कागद आणि सगळ्या कल्चरचे अँटिबायोग्रॅम मला पाठवा. बाळांची नावं झाकून, खाटांचे नंबर तेवढे ठेवून.